नावातल्या मोकळ्या जागा

कार्नाच्या शाळेमागे, पूर्वी मासळी खारवायचे त्या खोलीत
आता एक संगणक आहे, एक हीटर,
आणि चारशे बारा फिती.
बोलणारे बहुतेक सगळे गेले. खरखर राहिलीय.

स्क्रिप्ट मी लिहिली, साधीच:
यादीतून एकेक नाव उचल, चलात ठेव,
मग शेलला सांग, ही फीत उघड, खरखर काढ, नव्या कपाटात लाव.
पहिल्या सात निमूट गेल्या; त्यांच्यावर नुसती गावं होती.
आठवा पॅदर ओ ग्रिअलश.
शेलनं त्याचे तीन तुकडे केले.

पॅदर नावाची फाइल सापडली नाही.
ओ नावाची फाइल सापडली नाही.
ग्रिअलश नावाची फाइल सापडली नाही.

"ओ म्हणजे नातू," बार्टली म्हणाला,
फितीवरची बुरशी पुसत, पडद्याकडे न बघता.
"कुणाचा ते न सांगता नुसता नातू आणायला धाडलंस, सायव.
तो बिचारा कुठं कुठं फिरणार?"

मी एकेरी अवतरणचिन्हं घातली.
आता शेल डॉलर-नाव नावाच्याच माणसाला शोधत निघाला,
अक्षरशः तसा, पुढे डॉलर, मागे नाव.
एकेरीत पाकीट फुटत नाही.
दुहेरी घातली तेव्हा कुठे अवतरण झालं:
डॉलर विरघळला, पॅदर खाली उतरला
आपल्या नातूपणासकट, एकसंध,
आणि शेवाळाच्या भावावरून कुणालातरी शिव्या देऊ लागला.

दुपारी एक ओ'टूल आला. त्याचं नाव मी हातानं टाइप केलं, घाईत.
नावात वर अडकलेलं ते एवढंसं चिन्ह,
शेलला वाटलं, कुणी बोलायला लागलंय.
पुढच्या ओळीवर एक बाण काढून तो ऐकत राहिला.
आम्ही चहा केला. पावाला लोणी लावलं.
बाण तसाच.

तीनशे चाळिसाव्या फितीवर नाव नव्हतं.
यादीत रकाना कोरा.
आणि माझ्याच स्क्रिप्टची शेवटची ओळ,
प्रत झाली की मूळ फाइल पुसायची:
पूस, जुनी-पेटी, तिरकी रेघ, नाव.
नाव कोरं असलं तर उरतं
पूस, जुनी-पेटी, तिरकी रेघ.
म्हणजे सगळे. पॅदर, ओ'टूल, शेवाळ, शिव्या.

दुहेरी चिन्हं जागच्या जागी होती.
ती असलेल्याला धरतात.
कोऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून काय होणार?
एंटरवर गेलेलं बोट मी उचललं
आणि मांडीखाली दाबून ठेवलं,
लहानपणी गारठ्यात ठेवायचे तसं.

मग एक ओळ वाढवली: नाव रिकामं असेल तर थांब.
ती थांबली.
आम्ही फीत ऐकली. एक बाई मेंढ्या मोजतेय, मध्येच हसतेय.
कुणीतरी नाव विचारतं,
ती तोंड उघडते, आणि नेमकं तेव्हाच वाऱ्यानं दार आपटतं.
बार्टलीनं ते तीनदा ऐकलं.
"वारा पश्चिमेचा," म्हणाला. "दार जड. मायरसच्या बाजूचं असेल."
बाईबद्दल काही बोलला नाही.

रकान्यात मी लिहिलं:
दार वाजलं तेव्हाची बाई.
चार शब्द, तीन मोकळ्या जागा.
दुहेरी चिन्हं पुन्हा तपासली,
आणि एंटर.