पान एकसष्ट

इनेझ हॅल्वर्सनला मी कधी पाहिलं नाही.
तिची बावीस वर्षं मात्र माझ्या हाताखालून गेली.
महापे एमआयडीसी, दुसरा मजला,
खाली रंगाचा कारखाना,
रात्रपाळीत तिचं मिनेसोटा
आणि आमचा थिनरचा वास.

पहिलं पुस्तक कवितांचं. अठ्ठेचाळीस पानं.
बिल इतकं किरकोळ की मोकल साहेब म्हणाले,
जेवणाच्या सुट्टीत उरकून टाक.
मलपृष्ठावर: लेखिका नवरा आणि दोन कुत्र्यांसह
तळ्याकाठी राहते.

मग कादंबरी, चारशे बारा पानं.
दुसऱ्या आवृत्तीला मुखपृष्ठावर सोनेरी टिकली आली, बक्षिसाची.
मीच बसवली, दोन मिलिमीटर डावीकडे.
मग आणखी एक जाडजूड. मग एक,
जी कुणी घेतली नसावी,
कारण त्यानंतर सात वर्षं काहीच आलं नाही,
आणि आलं तेव्हा मलपृष्ठावर:
संध्याकाळच्या वर्गांना शिकवते.
कुत्रा एक.

ऋणनिर्देशात तिने सगळ्यांचे आभार मानलेत,
दातांच्या डॉक्टरचेसुद्धा.
घणसोलीच्या वैजयंती मढवीचे नाहीत.
माझं काही म्हणणं नाही. तिला कुठून ठाऊक
तिचे स्वल्पविराम कोण सांभाळतं,
आज्याची भातखाचरं होती तिथे एसीत बसून, स्वेटर घालून.

यंदा पुन्हा कविता.
मलपृष्ठावर फक्त: मिनेसोटात राहते.

पान एकसष्टच्या माथ्यावर
एक ओळ एकटीच उरली होती.
आमच्या धंद्यात तिला विधवा म्हणतात,
आणि ठेवायची नसते.
नेहमीसारखी मागच्या पानावर ओढून घेतली मी,
वरच्या ओळींमधलं अंतर जरा जरा चिमटून.

प्रूफ परत आलं. समासात पेन्सिल,
अक्षर उजवीकडे चढत गेलेलं.
मी ते मनात मराठीतच वाचलं:
राहू द्या तिला. तिथेच. एकटी.

मोकल साहेब म्हणाले, क्लायंटची नियमावली बघ.
बघितली.
मग ओळ उचलून परत वर ठेवली,
खाली अख्खं पान पांढरं.

घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते.
आई ओट्याशी सुकट निवडत होती.
आज उशीर?
म्हटलं, एका ओळीला जागा हवी होती.
बरं, म्हणाली,
दूध उतू गेलंय, खालून पिशवी आण.