परिच्छेद एकेचाळीस

धारवाडच्या खंडपीठानं निकाल दिला
आणि एकेचाळिसाव्या परिच्छेदात मी सापडलो.
नाव नाही. फक्त ‘दुभाषा’.

नऊ वर्षांमागची दुपार.
बेळगावचं सत्र न्यायालय, पंखा बंद,
पिंजऱ्यात मष्णू घाडी, चपला बाहेर काढून उभा.
साक्षीला मयताची बायको, द्रौपदा, कणकुंबीकडच्या वाडीची.
बांधावरचा फणस कुणाचा यावरून भांडण,
कुदळीचा दांडा,
एकच फटका.
ती म्हणाली, ‘मारल्यान.’
एवढंच म्हणाली.

आमच्यात हाकही मारतात, माशीही मारतात,
पोराला मारतात आणि संध्याकाळी जेवायला बोलावतात.
कन्नडात मात्र दोन दारं:
‘होडेदा’तून गेलं तर हात उगारला,
‘कोंदा’तून गेलं तर जीव घेतला.
साहेबांनी लेखणी थांबवून माझ्याकडं बघितलं.
मला साडेपाचची खानापूर गाडी धरायची होती.
मी म्हटलं, ‘कोंदा.’
टाइपरायटरवर दोन-तीन ठोके पडले.
मष्णूला जन्मठेप.

पण साहेबांनी तेव्हाच समासात
पेन्सिलीनं लिहून ठेवला होता तिचा शब्द,
मराठी शब्द, कन्नड अक्षरात,
कदाचित त्यांनाही कुठं तरी टोचलं असेल.
नऊ वर्षं तो तिथं बसून होता.
अपिलातल्या पोरसवदा वकिलाला तो दिसला.
आता धारवाड म्हणतं:
भाषांतर संशयास्पद, घाव एक, पूर्वतयारी नाही;
तीनशे दोन नव्हे, तीनशे चार, भाग दोन;
भोगली तेवढी शिक्षा पुरे.

मष्णू हिंडलग्याहून सुटला.
फणस केव्हाच तोडलाय
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणे.

मी द्रौपदाकडं गेलो.
काजूबिया फोडत होती, बोटं चिकानं काळी.
विचारलं, बाई, त्या दिवशी
नेमकं काय म्हणायचं होतं तुला?

‘आत्ता इचारतोस?’
एक बी फुटली, दुसरी फुटली.
‘मारल्यान म्हंजे मारल्यान.
पडला तवा जित्ता होता. पाणी मागल्यान.
मी आत जाऊन तांब्या आणीस्तवर
न्हाई मागल्यान.
तुझ्या त्या भाषेत
हेला काय म्हणत्यात?’

साडेपाचची गाडी वळणावर हॉर्न देऊन गेली.
मी उठलो नाही.