नमुना अकरा

घामाला वास नसतो.
हे मला सोहारला आल्यावर कळलं,
म्हणजे पुस्तकात होतं आधीपासून,
पण पुस्तकाला काखा नसतात.

वास करणारे वेगळे.
ते ओलीत वस्तीला असतात, घाम खातात,
आणि वास करतात.
भाषेनं दोन्ही अर्थ एका शब्दात घातले
तेव्हा तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता.
काखेत कळसा म्हणतात; इथं अख्खं गाव.

कंपनीला हवंय काहीतरी निसर्गातलं:
तुरटी, खोबरेल, खायचा सोडा,
आणि धोफारहून आलेलं लोबानाचं तेल,
ज्याच्या बाटलीवर उंट असणारच.
माझं काम एवढंच,
कोण कुणाला मारतं, किती मिलिमीटर.

नमुना अकरा. मुनाफ परकार,
स्मेल्टरवर मचाण बांधतो,
गाव दाभोळच्या खाडीपलीकडे.
फॉर्मवर स्पष्ट होतं: दोन दिवस साबण नको, अत्तर नको.
तो आला न्हाऊन, इस्त्रीच्या शर्टात, केसांतून पाणी गळत.
"बाय, तुमच्यासमोर तसाच कसा येणार?"
ताटली कोरी निघाली.
दुसऱ्या खेपेला शिफ्टवरून थेट आला
आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढून बसला.

बाहेर सत्तेचाळीस. इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
जंतू सुखात होते,
त्याच्यापेक्षा दहा अंशांनी.

तिसऱ्या दिवशी त्याला ताटली दाखवली.
उजेडाकडे धरून बघत राहिला,
पहिल्या सोनोग्राफीचा कागद धरावा तशी.
"एवढे सगळे माझ्यावर?"
मग हसला.
"खोलीत आम्ही दहाजण. हे धरले नव्हते."

खोबरेलाचं सांगण्यासारखं काही नाही.
सोड्याला तर ते अगदी खेटून बसलेले.
तुरटीभोवती नऊ मिलिमीटर मोकळं अंगण.
लोबानाला चौदा.
मी म्हटलं, हे लागू पडेल बहुतेक,
बाजारात आलं की सुट्टीवर जाताना न्या.

तो पट्टीकडे बघत होता, चौदाच्या रेघेवर.
"धाकटी दोन दिवस जवळ येत नाही, दर वेळी.
नाक मुरडते, आईच्या मागं उभी राहते.
तिसऱ्या दिवशी येते.
मागच्या खेपेला भारीतला सेंट मारून गेलो,
तरी तिसऱ्याच दिवशी आली."

सुट्टी किती दिवसांची, मी विचारलं नाही.

संध्याकाळी बाकीच्या ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.
अकरा नंबरची फ्रीजमध्ये ठेवली, का कोण जाणे,
चार अंशांवर.
तिथं ते वाढत नाहीत.
मरतही नाहीत लवकर.