हातचा एक

तार्तूत उणे एकवीस. स्वयंपाकघराच्या खिडकीला आतूनच बर्फ.
लेएलोनं पोराचा ताप पाहिला, अडतीस पूर्णांक चार,
लापशी खाली उतरवली
आणि मॉडेम लावला.

दोन किलोमीटरवर, भौतिकीच्या तळघरात
तेवीस यंत्रं जागी आहेत. नावं सगळी माशांची:
हाउग, आहवेन, कोहा, लातिकास,
आणि जिन्याखालचा जुना टिंट, ज्याचा पंखा खोकतो.
नावं उकूनं ठेवली होती.
सरोवरात मासे हवेत, एवढंच म्हणाला होता.

दिवसा यंत्रं विद्यार्थ्यांची. रात्री वाटणी चालते
कुणाच्या डोक्यावर किती.
कोहावर लोड चार, आहवेन मोकळा बसलेला,
मग कोहावरचं एक काम उठतं,
विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेतं,
आकडे, अर्धवट बेरजा, उघड्या फायली,
आणि आहवेनच्या दारात उतरतं.
कुणी तळघरात येऊन कळफलकाला बोट लावलं
की पाहुण्यानं निमूट निघायचं.
हा नियमही उकूचाच.

त्यांतच एक जॉब, ३११७.
मालक उकू. अग्रक्रम एकोणीस.
एकोणीस म्हणजे सगळ्यात भिडस्त,
पंगत उठल्यावर उरलंसुरलं वाढून घेणारा.
पेइप्सी सरोवराचा बर्फ कुठल्या दिवशी फुटला असेल
याचा हिशेब तो एकेक वर्ष मागे मागे करत जातो.

ऑक्टोबरात उकू गेला.
बसथांब्यावर, हातात बटाट्यांची पिशवी.
जॉबला कुणी कळवलं नाही.

लेएलोनं दोनदा मारायची कमांड लिहिली.
दोनदा खोडली.
गेलेल्यांची खाती बंद करावीत, हे डीनचं पत्र
फ्रिजवर चुंबकाखाली आहे, वर पोरानं काढलेला हत्ती.
ती त्याला हलवत राहिली फक्त,
नोव्हेंबरभर, नाताळातही,
टिंटवरून लातिकासवर, लातिकासवरून हाउगवर,
झोपलेल्याची कूस बदलून द्यावी तशी.

आज मात्र रांग दारापर्यंत.
विर्वेचा प्रबंध सोमवारी, पोरीनं साठ कामं एकदम ओतलीत.
मेमरी कुठंच नाही.
लातिकासवर तिची कामं श्वास कोंडून पडताहेत,
आणि तिथंच, कोपऱ्यात अंग चोरून, ३११७.

लेएलो हात पुसते.
मारणं आणि थांबवणं, कमांड दोन आहेत.
मारलेलं पुसलं जातं.
थांबवलेलं बेरजेच्या मध्यावर उभं राहतं,
हातचा एक हातात धरून.

तिनं लिहिलं: थांब.
आणि थांबलेल्याला उचलून टिंटच्या डिस्कवर ठेवलं.
तो एकोणीसशे सेहेचाळीसच्या एप्रिलवर थांबला होता.

मग पोर ओकलं. मग चादर.
मग ती खुर्चीतच पेंगली, मॉडेम गुणगुणत राहिला,
फोनचं बिल चढत राहिलं.

चार वाजून दहा. पोराला घाम फुटलाय.
लापशीवर साय.
विर्वेची शेवटची तीन कामं कोहावर,
टिंट रिकामा, खोकतोय.
दोन किलोमीटरवरून, पायांत नवऱ्याचे लोकरी मोजे,
लेएलो लिहिते: चल.

मधे रात्र गेली हे त्याला कळणार नाही.
तो हातचा मिळवील
आणि पुढचा आकडा मांडील.
टिंटचा लोड शून्यावरून चढतो.
दशांश दोन. दशांश पाच.
एप्रिल. बर्फ अजून फुटलेला नाही.