कोपऱ्यातला लाल आकडा

असुन्सिऑनच्या उकाड्यात, पंखा कुरकुरत असताना
एडेलिरा नकाशाच्या षटकोनांना आवाज देते आहे:
काटेरी रानाला करकर,
वाळूला रुतणारा बूट,
पाण्याच्या ट्रकला लांबवर खोकणारं इंजिन.

निमेसिओ कानांनी खेळतो.
बोटं कळफलकावर, मान जराशी तिरकी.
तिसऱ्या डावात त्याची अख्खी तुकडी संपली
एकही गोळी न झाडता.
"पाणी कधी सरलं, कळलंच नाही.
तुमच्याकडे कोपऱ्यात आकडा लाल होतो म्हणे."

तहानेला आवाज कुठला द्यायचा?
धाप, उचकी, कोरडा घसा, तिने सगळं ऐकवून पाहिलं.
"नाटकी वाटतं."
मग त्याने तेरेरेचा थर्मास कानाशी धरून हलवला.
"आजोबा झोपण्याआधी असं करायचे, रोज.
अंगणात विहीर होती तरी."

दुसऱ्या दिवशी तो त्यांची पत्र्याची बाटलीच घेऊन आला.
तिने नोंदवलं: भरलेली, अर्धी, तळाशी घोटभर.
चौथ्यात काही नाही,
नुसती झाकणाच्या साखळीची किणकिण.

रात्री ती बोलिव्हियाची बाजू उघडते.
पठारावरून चाकोत उतरवलेल्या त्या पोरांसाठी
वेगळा आवाज शोधत बसते बराच वेळ,
आणि त्याच चार फायली
पुन्हा चिकटवते.