भात्यामागची नावं

ऑर्गनच्या पाठीमागे एक बुटकं दार आहे.
गेशे हिन्रिख्स वाकते, टॉर्च दातांत धरते.
बाहेर समुद्रबांधावर वारा,
आत धूळ, उंदरांच्या लेंड्या
आणि ओकच्या खांबावर चाकूनं कोरलेली नावं.

एक सूर थांबतच नाही, रडत राहतो.
पाद्रीबाई फोनवर म्हणाल्या होत्या, ‘ऐकवत नाही हो.’

भाता तुडवणाऱ्यांची नावं ही.
टियार्क, १६९१. खाली : ‘बोटं गोठली.’
तेव्हाचं संगीत वेलीसारखं,
एक सूर निघाला की दुसरा त्याच्या मागून,
तिसरा दोघांच्या मधून, संपायचं नाव नाही.
टियार्कला नाक पुसायलाही
उसंत मिळाली नसणार.

फोके, १७८४. अक्षरं नेटकी.
याच्या काळात वाक्यं आखूड झाली :
प्रश्न, उत्तर, मध्ये जरा थांबणं.
त्या थांबण्यात त्यानं एक होडी कोरली,
शीड, डोलकाठी, सगळं.

हार्म, १८७२. पुढे नुसत्या रेघा.
संगीतात वादळं शिरली होती;
कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत
एका दमात चढायचं,
आणि दम कुणाचा? हार्मचा.
गेशे रेघा मोजते. एकेचाळीस.
कशाच्या, कुणास ठाऊक.

१९१७. दर्शनी नळ्या कथलासाठी उपटून नेल्या, लढाईला.
त्या वर्षीचं नाव मुलीचं : आंत्ये.
पोरं गावात उरलीच नव्हती.

मग मोटर आली.
मोटर नाव कोरत नाही.
तिच्या वाऱ्यावर कुणी अगदी नवं वाजवून गेलं,
एकमेकांशी अबोला धरलेले सूर;
आणि एकानं तर एकच सूर असा धरून ठेवला
की लोक घरी जाऊन गाईंच्या धारा काढून परतले,
तरी तोच.

खाली, माहितीफलकावर,
या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे : अभिजात.
खांबावर तो कुणीच कोरलेला नाही.

झडपेखाली सापडते
लाकडाची ढलपी, कणीएवढी.
कुणाच्या अक्षरातली?
गेशे ती फेकत नाही, खिशात टाकते.

मोटर बंद करून
ती जुन्या फळीवर पाय देते.
फळी कुरकुरते, खाली जाते,
आणि कातड्याचं ते म्हातारं पोट
खरंच भरून येतं.
‘वाजवा,’ ती ओरडते. पाद्रीबाई चाचपडत
काहीतरी वाजवतात, अर्ध्यात चुकतात, पुन्हा धरतात.
गेशेला सूर नीट ऐकू येत नाहीत,
आपलाच श्वास मोठा.

‘किती झाले?’ खालून विचारणा होते.
‘अजून थोडं,’ ती म्हणते,
आणि तुडवत राहते.