सब्जा

तू सम्राज्ञी, तरी मी तुला एकेरीच बोलते.
सरायीतली पोर होतीस म्हणे तू,
घोड्यांना दाणा घालणारी, परक्यांचे पाय धुणारी.
एका सरदाराचं मन बसलं, मूल झालं,
मग त्याला राज्य हवं झालं
आणि राज्याला खानदानी सून.
जेवण झाल्यावर ताट सारतात तसं तुला सारलं.
पोथीत हे एका ओळीत उरकलंय.
मुलगा सम्राट झाला, ते मात्र पानंच्या पानं.

मला आवडतं ते तुझं म्हातारपण.
ऐंशीच्या घरात बाया कूस बदलताना कण्हतात,
तू कुदळी घेऊन निघालीस.

लार्नाकाच्या निर्वासित वसाहतीत राहते मी.
गॅलरीतून तुझा डोंगर दिसतो,
वर मठ, मठात क्रूसाचा तुकडा,
तूच ठेवलेला म्हणे.
बेटावर साप फार झाले तेव्हा मांजरंही तूच आणलीस,
गलबत भरून.
(मांजरांवर माझा विश्वास आहे. दोन आत्ता कठड्यावर बसलीत.)

चौदा सप्टेंबरला पाद्री सब्ज्याची काडी हातात देतो.
आमच्या भाषेत त्याचं नावच राजाचं.
जिथं क्रूस पुरला होता तिथं तो उगवला
आणि वासावरून तुला जागा कळली.

मी पन्नास वर्षं वास घेत बसले, बाई.
यांगोस, माझा धाकटा. चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट.
शेजारच्या गावात गाढव आणायला गेला.
त्याच्यासाठी अर्धं कलिंगड झाकून ठेवलं होतं,
आईनं तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.
चौथ्या दिवशी आम्हीच पळालो.
कलिंगड रेषेच्या पलीकडे राहिलं.

आमच्या जागेवर सब्जा नव्हता.
पलीकडच्या एका म्हाताऱ्यानं, मरायला टेकल्यावर, बोट दाखवलं:
कॅरबच्या झाडामागे, कोरडी विहीर.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
खोटं. विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

खणणाऱ्यांत सेविलाय होती, तुर्की पोरगी,
गुडघे टेकून ब्रशनं माती झाडायची,
झोपलेल्याच्या तोंडावरची माशी हाकलावी तशी.

तुला तीन क्रूस मिळाले.
त्याचा कोणता, चोरांचे कोणते,
म्हणून मरणाच्या दारातल्या बाईला तू एकेक लावून पाहिलास,
तिसऱ्याला ती उठून बसली.
आमच्या विहिरीत पाच जण निघाले.
माझ्या गालात कापसाची काडी फिरवली,
चौदा महिने गेले, फोन आला.
मी उठून वगैरे बसले नाही.
बसलेच होते. फक्त पहिल्यांदा
खुर्चीला पाठ टेकली.

केवढा उंच मुलगा, आणि केवढीशी पेटी.
खिळे तू पोराला दिलेस म्हणे,
एक शिरस्त्राणात, एक घोड्याच्या लगामात.
आई ती आईच.
मला पट्ट्याचं बकल मिळालं.
ते मी कशात ठोकू?

एक विचारायचं राहिलंय.
उरलेल्या दोन क्रूसांचं तू काय केलंस?
पोथी तिथं गप्प आहे.
चोरांनाही बहिणी असतील.

कारण पाचांतले दोघे अजून फळीवर आहेत,
आकडा आहे, नाव नाही.
एक बहुतेक आमच्यातला, सेविलाय म्हणाली,
आणि "आमच्यातला" म्हणताना
ती चष्मा पुसत होती.

यंदाची काडी मी पेल्यात ठेवली, मुळं फुटली.
ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोपं केली,
एक यांगोसकडे नेलं,
दोन बसमध्ये मांडीवर धरून तिच्याकडे.
प्रयोगशाळेत माती चालत नाही, आजी, ती म्हणाली.
मी डबे परत उचलले नाहीत.
थोड्या वेळानं म्हणाली,
खिडकीत ठेवते.